जसं होतं तसं

"८०८६ च्या फ्लॅग रजिस्टरमध्ये फ्लॅग किती?"

सेकंड इयरच्या मायक्रोप्रोसेसरच्या व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न हा टाकला आणि मी मनातल्या मनात हात जोडले. आदल्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर नेमकं हेच पाठ केलं होतं. "नऊ, सर. सहा स्टेटस आणि तीन कंट्रोल." "नावं सांग." कॅरी, पॅरिटी, ऑक्झिलरी कॅरी, झिरो, साइन, ओव्हरफ्लो... सहा झाले. ट्रॅप, इंटरप्ट... आणि गाडी अडकली. नववा काही केल्या आठवेना. सर म्हणाले, "डायरेक्शन. असू दे, या वयात डायरेक्शन जरा उशिराच सापडते." आमच्या इंटर्नल सरांनाही हसू आवरलं नाही. मीही दात काढले, बाहेर पडलो आणि फ्लॅगचा आणि आपला संबंध संपला असं समजून चहा प्यायला गेलो.

संबंध संपला नव्हता. खरं सांगायचं तर तो त्याच्या कितीतरी आधी, आमच्या शेतातल्या विहिरीवर जुळला होता. फक्त ते कळायला थर्ड इयरचा फेब्रुवारी उजाडावा लागला.

मी वाशीम जिल्ह्यातला. रिसोड तालुक्यातलं, पैनगंगेच्या बाजूचं छोटंसं गाव. कॉलेजच्या पहिल्या दिवशी "वाशीम म्हणजे नेमकं कुठं रे?" असं विचारणारे भेटले तेव्हा "अकोल्याच्या खाली" एवढं सांगून मोकळा झालो. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला, म्हणजे माझ्यापेक्षा थोडासाच मोठा. घरी सोयाबीन, तूर, थोडी हळद, रब्बीला हरभरा. कॉम्प्युटर नव्हता, पण विजेच्या वस्तूंचं मला भारी वेड. स्टार्टर, किटकॅट, मेन स्विच, कपॅसिटर हे शब्द मला एबीसीडीच्या आधी आले असं आई अजून सगळ्यांना सांगते.

या वेडापायीच थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघांनी ठरवलं की वेबसाइट नको, ॲप नको, स्वतःचं छोटंसं ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल लिहायचं. गाइड सरांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "बाबांनो, लायब्ररी मॅनेजमेंट करा, सुखात राहाल." आम्ही ऐकलं नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांनी ऐकलं तर ती इंजिनिअरिंगची कसली?

आता ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो. (कॉम्प्युटरवाल्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालतील.)

प्रोसेसरच्या आत एक छोटी जागा असते, तिचं नाव फ्लॅग रजिस्टर. १९७८ च्या ८०८६ मध्ये ती १६ बिटांची होती, १९८५ च्या ८०३८६ मध्ये ३२ बिटांची झाली, आणि आज आपल्या लॅपटॉपमध्ये असणाऱ्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरात ती ६४ बिटांची आहे. एका बोर्डावर ओळीनं लावलेले बारीक दिवे डोळ्यांपुढे आणा. वजाबाकीचं उत्तर शून्य आलं की झिरो फ्लॅगचा दिवा लागतो. बेरजेत हातचा उरला की कॅरीचा लागतो. आपण सी मध्ये 'इफ' लिहितो, ते आतून बहुतेक वेळा या दिव्यांकडे बघूनच ठरतं. हे स्टेटस फ्लॅग नुसते सांगायचं काम करतात. कंट्रोल फ्लॅग मात्र हुकूम देतात. ते दिवे नाहीत, बटणं आहेत. त्यातलं कर्नलवाल्याच्या रोजच्या कामाचं बटण म्हणजे इंटरप्ट फ्लॅग. शून्यापासून मोजलं तर नववा बिट.

टाइमर, कीबोर्ड, डिस्क ही मंडळी प्रोसेसरला मध्येच हाक मारतात. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम तिथंच ठेवून आधी तिकडं जातो. इंटरप्ट फ्लॅग चालू असेल तर या हाका ऐकू येतात. बंद केला तर हाका दाराबाहेर ताटकळतात. बंद करायच्या सूचनेचं नाव सीएलआय, चालू करायच्या सूचनेचं एसटीआय. साध्या प्रोग्रामला या बटणाला हात लावता येत नाही. लावायला गेला तर प्रोसेसर त्याचं मानगूटच धरतो. हा मान फक्त कर्नलचा.

बंद कशासाठी करायचं? तर काही कामं नाजूक असतात. समजा कर्नलकडे चालू असलेल्या प्रोसेसची एक साखळी आहे आणि तिच्यात नवी कडी घालायची आहे. त्यासाठी दोन जोड बदलावे लागतात. एक बदलला, दुसरा बदलायचा बाकी आहे, आणि नेमकी टाइमरची हाक आली. टाइमरचा कोड तीच अर्धवट साखळी हातात घेऊन पुढचा प्रोसेस शोधू लागला. झालं! साखळी तुटली, कर्नल मेलं. म्हणून नियम असा की आधी सीएलआय, मग नाजूक काम, मग एसटीआय. पुस्तकात दोन ओळीत असतं हे. आम्हीही दोन ओळीत लिहून टाकलं.

जानेवारी २०२५ च्या शेवटी आमचं कर्नल क्यूईएमयूवर पहिल्यांदा उभं राहिलं. (क्यूईएमयू म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा खोटा कॉम्प्युटर. खरा फोडण्याची आमची ऐपत नव्हती.) एक प्रोसेस स्क्रीनवर एक अक्षर छापायचा, दुसरा दुसरं. दोन अक्षरं आळीपाळीनं येताना बघून आम्ही रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या बाहेर जाऊन पोहे खाल्ले. पार्टी म्हणजे पार्टी!

दुसऱ्या दिवशी कर्नल गोठलं. पुन्हा चालू केलं तर पाच मिनिटं चाललं आणि गोठलं. मग एकदा दोन तास चाललं, आम्ही श्वास सोडला, आणि गोठलं. कारण कळावं म्हणून मध्ये मध्ये मेसेज छापायच्या ओळी टाकल्या, तर आजारच गायब! ओळी काढल्या की परत हजर. दवाखान्यात गेल्यावर ज्याचा ताप उतरतो असा पेशंट. डेमोला पंधरा दिवस राहिले होते. रूम पार्टनर म्हणाला, "तुमच्या कर्नलला लोडशेडिंग लागलंय." मला हसू आलं नाही.

नऊ दिवस गेले. प्रत्येक फंक्शन दहा वेळा वाचलं. साखळीत कडी घालणारं फंक्शन बरोबर होतं. आत शिरताना सीएलआय, बाहेर पडताना एसटीआय. मेमरी देणारं फंक्शन बरोबर होतं. आत शिरताना सीएलआय, बाहेर पडताना एसटीआय. एकेकटं घेतलं तर दोन्ही शंभर नंबरी. मग मरतं कोण?

त्या रविवारी नेहमीप्रमाणे बाबांचा फोन आला. आवाजावरून त्यांनी ओळखलं. "काय झालं रे? जेवून राहिला ना बराबर?" बाबा दहावीपर्यंत शिकलेले. त्यांना काय सांगणार? पण त्या दिवशी दुसरं कोणी ऐकायला उरलं नव्हतं म्हणून सांगू लागलो. "बाबा, असं समजा, एक बटण आहे. नाजूक काम करायच्या आधी ते बंद करायचं. काम झालं की चालू करायचं. आम्ही सगळीकडे तेच केलंय. तरी मध्येच लाइन चालू होते आणि काम बिघडते."

बाबा थोडं थांबले. मग म्हणाले, "पन तुह्या आधी दुसऱ्या कोनं बंद करून ठिवलं असन तर? तू काम झालं म्हनून चालू करशीन, अन् त्याचं काम तर अजून बाकी असन."

मी गप्प. बाबाही गप्प. फोनवर पाच-सात सेकंद नुसती खरखर ऐकू येत होती. दोघांनाही माहीत होतं की ही गोष्ट आता कॉम्प्युटरची राहिलेली नाही.

नोव्हेंबर २०१७. मी आठवीत होतो. हरभऱ्याला पाणी चालू होतं. आमची विहीर बाबांची आणि काकांची सामाईक. धुऱ्यावर खांबाला एक पेटी, पेटीत मेन स्विच आणि स्टार्टर, वर एक बल्ब. स्टार्टरला ऑटो बसवलेला, म्हणजे लाइन आली की थोड्या वेळानं मोटर आपोआप सुरू. शेतीची लाइन एक आठवडा रात्रीची असायची, त्यामुळे ऑटोशिवाय कोणाचंच भागत नसे.

त्या संध्याकाळी पेटीवरचा बल्ब उडाला होता. बाबांनी मला नवा बल्ब देऊन पुढं पाठवलं. मी तुरीतून पळत गेलो. पेटी उघडली तर मेन आधीच खाली पाडलेला. मला वाटलं, बरं झालं, एक काम वाचलं. बल्ब बदलला. काम झालं. काम झालं की मेन वर करायचा, हे मला माहीत होतं. मी वर केला. बल्ब लागला. स्वतःवर जाम खूष होऊन मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. मग स्टार्टरचा खट् असा आवाज आला, आणि विहिरीतून काकांची किंकाळी.

काका खाली पायऱ्यांवर मोटरच्या केबलचा जोड बांधत होते. मेन त्यांनीच पाडला होता.

मी झटकन मेन खाली ओढला. तेवढ्यात बाबा धावत आले. काकांना वर काढलं, रिसोडला नेलं, तिथून अकोल्याला. जीव वाचला. पण उजव्या हाताचा तळवा जळाला आणि दोन बोटं आजही वळत नाहीत. त्या रात्री बाबांनी मला विचारलं, "तू मेनले हात लावला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

पुढं गावात बोलणं असंच फिरलं की मेन न पाडताच उतरला असेल, घाईत विसरला असेल, किती वेळा सांगितलं तरी लोक ऐकतात कुठं. काका म्हणायचे, "म्या पाडला होता." पण असं म्हणताना त्यांचा आवाज वर्षागणिक बारीक होत गेला. शेवटी शेवटी तेच म्हणू लागले, "पाडला होता वाटते मले." आणि मी तिथंच बसून हे ऐकायचो. सातेक वर्षं ऐकलं.

बाबांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनी एवढंच केलं की त्या आठवड्यात पेटीला एक खिळा ठोकला आणि नियम केला. जो मेन पाडेल त्यानं आपली दस्ती खिळ्याला अडकवायची. काम झालं की आपली तेवढीच दस्ती काढायची. खिळ्यावर एकही दस्ती उरली नाही तरच मेन वर करायचा. आणि मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आधी पाहाव, मंग हात लावाव. अन् जातानी जसं होतं तसं करून जाव. आपलं काम झालं म्हनजे साऱ्याइचं झालं असं नसते."

हे सगळं फोनवरच्या त्या पाच-सात सेकंदांत डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मेन मी वर केला होता."

"माहीत हाय," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "काकाले सांग. फोनवर नको. घरी आला म्हनजे सांग."

फोन ठेवून मी लॅबमध्ये गेलो. आता काय शोधायचं ते माहीत होतं. साखळीत कडी घालणारं फंक्शन बटण बंद करत होतं. मग नव्या कडीसाठी ते मेमरीच्या फंक्शनला हाक मारत होतं. मेमरीचं फंक्शन बटण बंद करायचं (ते आधीच बंद होतं!), आपलं काम करायचं, आणि काम झालं म्हणून बटण चालू करून परत यायचं. म्हणजे साखळीवाला अजून विहिरीत, आणि मेन वर! टाइमर सेकंदाला १०० वेळा हाक मारत होता. ती हाक नेमकी त्या चार-दोन सूचनांच्या फटीत पडली तरच साखळी तुटायची, म्हणून कधी पाच मिनिटं, कधी दोन तास. आणि मेसेज छापायच्या ओळी टाकल्या की वेळेचं गणित सरकायचं, म्हणून आजार गायब.

खात्री करायची म्हणून मेमरीच्या फंक्शनमधून परत आल्याबरोबर कर्नल थांबवलं आणि फ्लॅग रजिस्टर बघितलं. हेक्समध्ये ०४६ दिसायला हवं होतं. दिसलं २४६. त्यातला ४६ म्हणजे झिरो, पॅरिटी आणि कायम १ राहणारा एक बिट. आणि पुढचा तो २ म्हणजेच नववा बिट. इंटरप्ट फ्लॅग. चालू. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. पेटीवरचा बल्ब लागलेला दिसावा तसा तो दिसत होता.

दुरुस्ती अगदी छोटी. बटणाला हात लावण्याआधी ते कसं आहे ते बघून ठेवायचं. त्यासाठी पुशएफ नावाची सूचना आहे, ती सगळे फ्लॅग स्टॅकवर ठेवते. ते एका व्हेरिएबलमध्ये जपायचे. मग सीएलआय. काम करायचं. शेवटी एसटीआय नाही, तर जपून ठेवलेले फ्लॅग पॉपएफनं परत जागच्या जागी. आधी चालू होतं तर चालू होईल, बंद होतं तर बंदच राहील. आत शिरलेल्या फंक्शनला बाहेर कोण आहे, कोणाचं काम चालू आहे, हे काहीच माहीत असायची गरज नाही. त्यानं फक्त जसं होतं तसं करून जायचं.

दोन दिवस कर्नल चालू ठेवलं. गोठलं नाही.

नंतर वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की बाबांनी सांगितलेलं सगळ्या मोठ्या कर्नलांत आधीपासून आहे. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, पीडीपी-११ या मशीनवर, झोपी जाणारा प्रोसेस प्रोसेसरची आधीची अवस्था एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो, इंटरप्ट अडवतो आणि शेवटी तीच अवस्था परत करतो. लिनक्समध्ये यासाठी 'लोकल आयआरक्यू सेव्ह' आणि 'लोकल आयआरक्यू रिस्टोअर' अशी जोडी आहे. त्यातल्या 'लोकल' शब्दाकडे लक्ष द्या. आजच्या प्रोसेसरात अनेक कोअर असतात आणि हे बटण फक्त आपल्या कोअरचं. शेजारच्या शेताची डीपी वेगळी! म्हणून तिथं सोबत कुलूपही लागतं, त्याला स्पिनलॉक म्हणतात. आणि एमआयटीमध्ये २००६ साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एक्सव्ही६ या छोट्या कर्नलात तर मला चक्क आमचा खिळा सापडला. तिथं 'पुश-सीएलआय' आणि 'पॉप-सीएलआय' अशी दोन फंक्शनं आहेत. प्रत्येक पुश एक आकडा वाढवतो, प्रत्येक पॉप कमी करतो. आकडा शून्यावर आला तरच इंटरप्ट चालू, आणि तेही सगळ्यात पहिल्या वेळी ते चालू होते तरच. म्हणजे दस्त्या मोजणं!

प्रोसेसर स्वतःसुद्धा हेच करतो. इंटरप्ट आला की ८०८६ आधी फ्लॅग रजिस्टर स्टॅकवर ठेवतो, मग इंटरप्ट फ्लॅग बंद करून तिकडं जातो, आणि परत येताना आयरेट या सूचनेनं फ्लॅग होते तसे उचलून आणतो. ज्याचं काम अर्धवट टाकून गेलो त्याला आल्यावर कळूसुद्धा नये, इतकी काळजी. हे आम्ही व्हायव्हासाठी पाठ केलं होतं. पाठ करणं आणि कळणं यात किती अंतर असतं!

आणि तो राहिलेला नववा, डायरेक्शन? त्याचीही गोष्ट सापडली. मेमरीतला मजकूर एकगठ्ठा हलवताना पुढच्या दिशेनं जायचं की मागच्या, हे तो फ्लॅग ठरवतो. नियम असा की कोणत्याही फंक्शनमध्ये शिरताना तो शून्य असला पाहिजे, म्हणजे दिशा पुढची. लिनक्सचं कर्नल एखाद्या प्रोग्रामचं काम मध्येच थांबवून त्याला सिग्नल द्यायचं तेव्हा हा फ्लॅग शून्य करायला विसरत होतं. प्रोग्राम उलट्या दिशेनं मजकूर हलवत असताना सिग्नल आला, तर सिग्नलचं फंक्शन उलट्या दिशेसकट सुरू व्हायचं. पण कित्येक वर्षं कोणाला काही झालं नाही, कारण जीसीसी कंपायलर स्वतःच दर वेळी आधी फ्लॅग शून्य करून मग काम करायचा. मार्च २००८ मध्ये जीसीसीची ४.३ आवृत्ती आली. तिनं विचार केला की नियमच आहे तर दर वेळी कशाला करायचं, आणि ती सूचना काढून टाकली. झालं, जुनी चूक उघडी पडली. मग कर्नल दुरुस्त झालं. मला यात गावच दिसतं. एक माणूस सवयीनं दर वेळी मेन तपासत असतो म्हणून दुसऱ्याची चूक झाकून राहते. तो एक दिवस तपासायचं सोडतो, तेव्हा कळतं की नियम पाळतच नव्हतो आपण.

डेमोच्या दिवशी सरांनी विचारलं, "शेवटी नुसतं एसटीआय का नाही केलं?" मी म्हणालो, "सर, आपल्या आधी कोणीतरी बंद केलं असेल तर?" सरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. बास, एवढंच. त्यांना काय माहीत.

परीक्षा संपल्या आणि मे महिन्यात घरी गेलो. तिसऱ्या दिवशी काकांसोबत विहिरीवर गेलो. पाणी तळाला गेलं होतं. काका धुऱ्यावर बसून डाव्या हातानं तंबाखू मळत होते. आधी त्यांना कर्नलची गोष्ट सांगितली. त्यांनी 'हूं, हूं' करत ऐकली. मग एका दमात दुसरी सांगितली. मेन तुम्ही पाडला होता काका. तुम्ही विसरला नव्हता. वर मी केला होता.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता उठून जातील. मग ते हळूच म्हणाले, "पाडला होता न म्या?"

"हो काका. पाडला होता."

"मले वाटेच," ते म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. राग असता तर सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पन म्या तरी कोठी सांगून उतरलो होतो? लेकराले कसं कयन पेटी कोनं बंद केली थे?"

मित्रांनो, फ्लॅग हा फक्त एक बिट असतो. चालू की बंद, एवढंच तो सांगतो. कोणी बंद केला, कशासाठी केला, त्याचं काम झालं का, हे त्याला सांगता येत नाही. ते जपण्याची जबाबदारी हात लावणाऱ्याची. पुढं आपल्यापैकी कोणी कर्नल लिहील, कोणी लिहिणार नाही. पण दुसऱ्यानं बंद करून ठेवलेल्या बटणापुढं आपण सगळेच कधी ना कधी उभे राहू. कारखान्यात, ऑफिसात, घरात. त्या वेळी "माझं काम झालं" हे पुरेसं नसतं, एवढं लक्षात ठेवा. आणि कधी चुकून चालू केलंच, तर सात वर्षं गप्प बसू नका. माझ्या गप्प बसण्यानं काकांचं जे झालं ते त्या शॉकनंसुद्धा झालं नव्हतं.

असो. निघताना काकांनी पेटी उघडली. खिळ्यावर त्यांची निळी दस्ती होती, ती काढून खांद्यावर टाकली. मेन मला वर करायला लावला. बल्ब लागला. मग हसून म्हणाले, "मंग आता तुह्या कॉम्प्युटरले दस्ती लावली का नाही?"

"लावली, काका."

– अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी